चोविसांतल्या तीन कड्या

कतारहून परत आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण हातात चहाचा कप पडण्याआधीच विचारतो, फार गरम होतं का हो? गरम होतं. ऑक्टोबर लागला होता, तिथली माणसं एकमेकांना हवा आता छान झाली म्हणून सांगत होती, आणि माझ्या चष्म्याची काडी कानाला चटके देत होती. पण उन्हाचं मला फारसं काही नाही. भर चैत्रात जत्रेच्या मैदानावर पाळण्याखाली आडवं पडून नटबोल्ट आवळण्यात माझं लहानपण गेलं आहे. त्या देशानं मला दिले ते धक्के. काही हसण्यासारखे होते, आणि एक असा होता की अजून जिना उतरताना माझा हात कठडा सोडत नाही. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि थोडं स्वतःसाठीही.

मी तिथं गेले कशाला ते आधी सांगते. कोल्हापुरात आमचा ओतकामाचा छोटा कारखाना आहे. वडिलांचे जत्रेत फिरणारे पाळणे होते. पाळणे गेले, त्यांच्या दुरुस्तीसाठी काढलेला कारखाना तेवढा राहिला. जुन्या यंत्राची मूळ कंपनी बुडालेली असते, सुटा भाग जगात कुठे मिळत नाही, तेव्हा लोक आमच्याकडे येतात. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, आणि तापट आहे. कारखान्यातली माणसं मला माझ्यामागे 'भट्टी' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ते आवडतंही. माझी भाची मृणाल नवरा आणि मुलीसह दोह्यात असते. नवरा अभिजित गॅसच्या प्लँटवर इंजिनिअर. त्याच्या ओळखीतून निरोप आला की समुद्रकाठच्या एका जुन्या बागेतले पाळणे दुरुस्त करून पुन्हा उभे करायचे आहेत, तिथल्या लोकांचा वारसा म्हणून, आणि हे काम जाणणारं माणूस मिळत नाही. तोवर माझ्या पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. मी लगेच हो म्हणाले.

अल गराफा

पहिला धक्का विमानतळाच्या दारातच बसला. आतल्या गारठ्यातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर अशी वाफ धरली की मी आंधळी झाले. समोर एक निळा कुडता दिसला. मृणाल समजून मी त्या बाईला मिठी मारली आणि 'किती वाळलीस गं' म्हणाले. बाई मलबारी होती. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि मला तशीच वळवून खऱ्या मृणालच्या हवाली केलं.

मृणालचं घर अल गराफात. सगळी घरं एका रंगाची, वाळूच्या, आणि भोवती माणसापेक्षा उंच भिंती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं फिरायला गेले आणि परत येताना घर सापडेना. आमच्या गल्लीत नवखं माणूस दिसलं की चार जण विचारतात, कुणाकडचे पाव्हणे. इथं अर्धा तास मी हिंडले, एक माणूस रस्त्यावर दिसला नाही. कुत्रंही नाही. मांजरं तेवढी भिंतीभिंतीवर बसून माझ्याकडे पाहत होती. शेवटी मृणालच्या गॅलरीत वाळत घातलेली माझीच नऊवारी दिसली म्हणून वाचले.

मृणालची मुलगी इरा आठ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण ती बोलत नाही. मी विचारलं, शाळेत काय शिकवलं आज? ती म्हणाली, "स्टफ." मी भडंग पुढे केला. म्हणाली, "टू स्पायसी, आजी," आणि मग अख्खी वाटी संपवली. मला ही मुलगी आवडली.

वक्राच्या पुढची शेड

काम होतं दोह्याच्या दक्षिणेला, वक्रा गावाच्याही पुढे, समुद्राला लागून उभ्या असलेल्या एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये. मालकांना सगळे बू नासर म्हणत, म्हणजे नासरचे वडील. सत्तरीचे, हळू बोलणारे. त्यांच्या वडिलांनी हे पाळणे युरोपातून बोटीनं आणले होते. गुरुवारी संध्याकाळी सगळं गाव तिथं लोटायचं, आणि मासेमारीवरून आलेले लोक ओल्या कपड्यांनी घोड्यावर बसायचे, असं ते सांगत. पुढे बाग बंद पडली आणि पाळणे तसेच शेडमध्ये पडून राहिले.

मी आत गेले आणि मटकन एका खोक्यावर बसले. खाऱ्या हवेनं जे केलं होतं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लाकडी घोड्यांच्या रंगाचे पापुद्रे नुसत्या फुंकरीनं उडत होते. एका दांड्याला मी अंगठा लावला तर अंगठ्याएवढं लोखंड पापडासारखं तुटून हातात आलं. बू नासरांनी मला एक कान तुटलेला घोडा दाखवला. तो त्यांचा. लहानपणी दुसरं कुणी त्यावर बसलं तर ते रडायचे. हे सांगताना ते हसले नाहीत, आणि मग मलाही चेष्टा करवली नाही.

तीन पाळणे होते: घोड्यांची चक्री, लहान आकाशपाळणा आणि उडत्या खुर्च्यांचा साखळीपाळणा. या तिसऱ्याबद्दल नीट सांगायला हवं. वर छत्रीसारखं चाक. त्याला चोवीस खुर्च्या साखळ्यांनी टांगलेल्या. चाक फिरू लागलं की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात आणि माणूस हवेत तरंगतो. प्रत्येक खुर्चीच्या साखळ्या वर एका जाड लोखंडी कडीत अडकवलेल्या असतात. घरच्या झोपाळ्याची कडी असते तशीच, फक्त मनगटाएवढी. खुर्चीत बसलेल्याचा सगळा जीव त्या एका कडीवर.

आठवडाभर मी हिंदी आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत काम रेटत होते. तऱ्हेतऱ्हेचे घोटाळे होत. एकदा चहावाल्या पोऱ्याला म्हटलं, चहा आण. तो म्हणाला, "चाय माफी." मी म्हटलं, अरे, माफी कसली मागतोस, जा आण. तो पुन्हा, "माफी, मॅडम, माफी." मी त्याला दोनदा मोठ्या मनानं माफ केलं. मग कळलं की तिकडच्या बोलीत 'माफी' म्हणजे 'नाही'. चहा संपला होता.

आठव्या दिवशी माझ्या बोटावर हातोडी बसली आणि तोंडातून खास कोल्हापुरी शिवी गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "जपून, ताई. हितं हळद नाय मिळायची लावायला." मी वळून पाहिलं. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, छातीवर फोरमनचा बिल्ला. इक्बालभाई. श्रीवर्धनचे, तीस वर्षं आखातात. रजेवरून कालच परतले होते. मला इतका आनंद झाला की बोट विसरले.

त्या दिवसापासून काम पळू लागलं. इक्बालभाईंच्या हाताखाली नेपाळी, बंगाली, इजिप्तचे असे पंधरा जण होते, आणि प्रत्येकाशी ते वेगळ्या भाषेत बोलत, पण आवाज कधी चढत नसे. दुपारी आम्ही डबे एकत्र खायचो. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि हमूर नावाच्या तिथल्या माशाचं कोकम घातलेलं कालवण. मी म्हणायचे, कालवण झकास आहे, फक्त तिखट घालायचं राहिलंय. ते म्हणायचे, तुम्ही लोक तिखटात मासा घालता, आम्ही माशात तिखट घालतो. आठवडाभर मी मनातल्या मनात भाषांतर करून बोलत होते. आता तोंडात येईल ते बोलत होते. याचं मला केवढं सुख वाटलं ते सांगता येत नाही. आणि तिथंच मी घसरले.

साखळीपाळण्याच्या कड्या आम्ही एकेक करून तपासत होतो. घासून, तेल लावून, टांगून हातोडीनं वाजवायची. मडकं घेताना आपण वाजवतो तसंच. धड लोखंड खणखणतं, आत तडा असेल तर बद्द वाजतं. एकवीस कड्या चार दिवसांत पास झाल्या आणि भिंतीपाशी रांगेत ठेवल्या. पाचव्या दिवशी, दुपारच्या उकाड्यात, शेवटच्या तीन राहिल्या. तिन्ही बद्द वाजल्या. तडा शोधायचं पातळ लाल औषध लावून पुसलं तर तिन्हींवर केसासारखी रेघ. मी हातोडी टाकली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "खलास."

इक्बालभाई म्हणाले, "तिन्ही?"

"तिन्ही खलास."

"मी घेतो उचलून," ते म्हणाले, आणि मी हात धुवायला गेले.

एकवीस खुर्च्यांवरच पाळणा चालवायचा, दर आठवी जागा रिकामी ठेवायची म्हणजे तोल सांभाळला जाईल, हे मी मनात ठरवूनही टाकलं. जोडणी पुढच्या आठवड्यात होती. तेव्हा सांगता येईल.

सूक वाकिफ आणि अंथरूण

सुट्टीच्या दिवशी मृणालनं मला सूक वाकिफला नेलं. मातीच्या भिंतींचा, लाकडी वाशांचा बाजार. लाल जाकिटातले म्हातारे एकचाकी ढकलगाडीतून लोकांचं सामान नेतात. मसाल्यांच्या गल्लीत नाकाला झणका बसला आणि मला आमच्याकडच्या मिरची कुटायच्या डंकाची आठवण झाली. पुढे ससाण्यांचं दुकान लागलं. आत हिरव्या गालिच्यावर ओळीनं पक्षी बसलेले, प्रत्येकाच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी. एक गिऱ्हाईक हातावर ससाणा घेऊन शांतपणे चहा पीत होतं. मी विचारलं, आजारी पडला तर? दुकानदार म्हणाला, शेजारी त्यांचा दवाखाना आहे, तिथं केसपेपर काढायचा. मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. जाऊन पाहिलं. खरंच, बाकावर मालक बसलेले आणि त्यांच्या मुठीवर आपापला ससाणा, नंबर यायची वाट पाहत. माझा आ वासला तो मिटायला वेळ लागला.

त्या नादात मी भर दुपारी डोक्यावर पदर न घेता दोन तास हिंडले. कोल्हापूरच्या उन्हाला सरावलेली म्हणून तोऱ्यात पाणीही नाकारलं. घरी पोचेपर्यंत थंडी वाजायला लागली. सहा दिवस अंथरुणात. मृणाल कांदा किसून तळपायांना चोळत होती आणि इरा दाराशी उभी राहून विचारत होती, "इज आजी ओके?"

इक्बालभाईंचा रोज फोन यायचा. ताई, घाई करू नका, सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे चाललंय. खुर्च्यांत वाळूची पोती बांधून दोन दिवस पाळणा फिरवला, कुठे कुरकूर नाही. मी म्हणायचे, वा. जोडणी माझ्या पाठीमागेच झाली होती, आणि ती कशी केली हे मी विचारलं नाही. त्यांच्यावर माझा तेवढा विश्वास होता, आणि तो चुकीचा नव्हता.

समुद्रकाठी

सातव्या दिवशी, गुरुवारी, बागेत कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. उद्घाटनाआधीची घरगुती संध्याकाळ. मृणाल, इरा आणि मी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर पोचलो. ऊन उतरलं होतं, समुद्र काचेसारखा पडून होता. मला आधी घोडे पाहायचे होते. इक्बालभाईंनी इराचा हात धरला आणि म्हणाले, "पहिली फेरी आपल्या पोरीची." मी म्हटलं, जा. हो, मीच म्हटलं.

घोड्यांचा रंग सुरेख जमला होता. बू नासरांच्या घोड्याला नवा कान बसवला होता, तो मी निरखत उभी राहिले. मागे साखळीपाळण्याचं वाजंत्र सुरू झालं, मुलांची किंचाळी ऐकू आली. मी सावकाश वळून पाहिलं. खुर्च्या बाहेर फेकल्या गेल्या होत्या, अर्ध्या बागेवर, अर्ध्या पाण्यावर. फार सुंदर दिसत होतं. मी सवयीनं रिकामी जागा शोधली. दर आठवी. ती दिसेना. वाटलं वेगामुळे नजर फसते आहे. एक लाल खुर्ची खुणेला धरून मोजायला लागले. वीस, एकवीस, बावीस.

चोवीस.

तोंडातून आवाज फुटेना. बरं झालं फुटला नाही, कारण मी ओरडले असते तर ऑपरेटरनं घाबरून ब्रेक मारला असता. एकदम ब्रेक मारला की खुर्च्या एकमेकींवर आदळतात, साखळ्यांना हिसका बसतो, आणि तडा गेलेल्या कडीला तो हिसकाच मारतो. मला हे वडिलांनी शिकवलं होतं, आणि मी ते पन्नास माणसांना शिकवलं आहे. म्हणून मी धावले नाही. चालत गेले. नेपाळी ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, कम करो, बेटा, एकदम धीरे-धीरे, ब्रेक को हाथ मत लगाना. तो माझ्याकडे पाहून पांढरा पडला, पण त्यानं नीट ऐकलं.

पाळणा थांबायला दीड-दोन मिनिटं लागली असतील. मी प्रत्येक फेरी मोजली. इरा डोक्यावरून जाताना दोन्ही हात सोडून ओरडायची, "आजी, लुक!" मी हसून हात हलवत होते. वर बघून हसायचं आणि कडी कुठली ते शोधायचं. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही नाही.

खुर्च्या खाली आल्या. सगळी मुलं उतरली. इरा रुसली, फेरी लवकर संपली म्हणून. मी शिडी लावून वर चढले. तीन कड्या लगेच ओळखू आल्या, तपासताना लावलेलं लाल औषध कोपऱ्यात राहिलं होतं. दोन जशाच्या तशा होत्या. तिसरीवरची रेघ मी पाहिली तेव्हा नखाएवढी होती, आता तिनं अर्ध्याहून जास्त कडीला वळसा घातला होता. आणखी एक फेरी, कदाचित दोन. त्या कडीखाली इरा नव्हती. तिथं एका केरळी नर्सची मुलगी बसली होती, दोन वेण्या घातलेली. मला एक क्षण हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

तिसरी कडी काढून घेऊन खाली उतरले आणि भट्टी फुटली. सगळ्यांदेखत मी इक्बालभाईंना काय काय बोलले ते लिहवत नाही. पोरं मारायला निघाला होतात, हे त्यातलं सौम्य. ते हात जोडून उभे होते, समजत काहीच नव्हतं. मी तिसरी कडी त्यांच्यापुढे धरली, त्यांनी रेघ पाहिली आणि ते खालीच बसले. तिथूनच म्हणाले, "ताई, तुम्हीच बोललाव ना, तिन्ही खलास."

"मग? खलास म्हटल्यावर लावायच्या?"

"खलास म्हंजे झालं ना काम? पुरं झालं. हितं तसंच बोलतात."

आम्ही दोघं मराठीच बोलत होतो. आपल्याकडे खलास म्हणजे मेलं, संपलं, भंगारात टाका. तिकडे खलास म्हणजे झालं, हातावेगळं, पुढचं घ्या. तीस वर्षं रोज शंभर वेळा तो शब्द तसा ऐकून इक्बालभाईंच्या कानातला आपला खलास कधी निघून गेला ते त्यांनाही कळलं नव्हतं. इंग्रजीत सांगायचं असतं तर मी तीनदा सांगितलं असतं, कागदावर लिहून दिलं असतं. मराठी माणूस भेटला म्हणून एका शब्दावर भागवलं.

ऑफिस

दुसऱ्या दिवशी, शुक्रवार असूनही, सकाळी बोलावणं आलं. मॅनेजर जॉर्डनचा, कपड्यांना इस्त्री आणि बोलण्यालाही. त्यानं इंग्रजी अहवाल तयार ठेवला होता. तपासनिसानं नापास ठरवलेले भाग फोरमननं परवानगीशिवाय बसवले. खाली माझ्या सहीची जागा. सही झाली की इक्बालभाईंची नोकरी जाणार, व्हिसा जाणार, आणि तीस वर्षांच्या कामावर मुलांच्या जिवाशी खेळल्याचा डाग घेऊन ते श्रीवर्धनला उतरणार. ते दाराबाहेर काचेपलीकडे उभे होते. आत पाहत नव्हते.

खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं होतं. अहवालात एक शब्द खोटा नव्हता. आणि सही केली नाही तर बुडणार होतं आमच्या कारखान्याचं नाव, वडिलांनी कमावलेलं. पण मग मला कारखान्यातली पाटी आठवली, मीच लावलेली: नापास मालाला आधी लाल रंग, मग बाकी सगळं. तो रंग लावला नाही म्हणून मी लोकांना घरी पाठवलं आहे. शेडमध्ये लाल रंगाचा डबा माझ्या पायाशी होता. मी हात धुवायला गेले.

मी पेन ठेवलं आणि म्हटलं, बू नासरांना बोलवा.

ते आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, किती मुलं होती? चोवीस, मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, त्या दिवशी जसं बोललात तसंच बोला. मी बोलले, "तिन्ही खलास." त्यांनी इक्बालभाईंना आत घेतलं आणि अरबीत विचारलं, याचा अर्थ काय? इक्बालभाईंनी सांगितला. बू नासरांनी मान हलवली, मलाही हाच कळला असता म्हणाले. मोडलेल्याला आम्ही 'खरबान' म्हणतो.

खरबान. म्हणजे खराब. मी साधं, शाळकरी पोरानं म्हणावं तसं 'खराब' म्हटलं असतं तरी दोन्हीकडे कळलं असतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी कागदावर मराठीत लिहून दिलं की नापास मालावर खूण करणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, फोरमनचा दोष नाही. अभिजितनं फोनवरून त्याचं इंग्रजी करून दिलं. बू नासरांनी निकाल सांगितला तो शांतपणे. इक्बालभाई राहतील. चोवीसच्या चोवीस कड्या नव्या येतील, दुसरीकडून. माझं काम इथं थांबतं. त्यांनी उठून मला चहा दिला, स्वतःच्या हातानं ओतून.

परत

अभिजितला रजा नव्हती. विमानतळावर सोडायला इक्बालभाई आले, मी नको म्हणत असतानाही. सकाळचे नऊ वाजले होते. वाटभर ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं रागावले आहेत, आणि त्यांचा तो हक्क होता. मी सगळ्यांदेखत बोलले होते आणि माफी ऑफिसच्या बंद खोलीत मागितली होती. ते मी बोलून दाखवलं. त्यांनी हातानंच, जाऊ द्या, असं केलं.

पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.

"अकरा वर्षं झाली, ताई, भावाशी बोललो नाय मी," ते म्हणाले.

मग थांबत थांबत सांगितलं. आई श्रीवर्धनला आजारी होती, धाकटा भाऊ तिच्यापाशी होता. आई गेली ते यांना तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या निरोपातून कळलं. तोवर माती देऊन झाली होती. भावानं आपल्याला कळवलं नाही, शेवटचं तोंड पाहू दिलं नाही, म्हणून यांनी त्याचं नाव टाकलं. भावानंही परत फोन केला नाही. त्याच्या मनात पाप आहे म्हणून करत नाही, असं इतकी वर्षं यांनी धरून ठेवलं होतं. सुट्टीला गेले तरी एकाच आळीत राहून त्याच्या दारावरून मान फिरवून जायचे.

"गुरुवारपासून डोक्यात तेच फिरतंय. फोन आला होता त्याचा. आई जायच्या आदल्या दिवशी. मी शेडमध्ये होतो, मशीन चालू. तो बोलला, डॉक्टर बोलले, खलास." इक्बालभाई स्टिअरिंगकडे पाहत होते. "मी समजलो, इलाज पुरा झाला. घरी सोडली आईला. मी काय बोललो त्याला, माहीत हाय? बोललो, अलहमदुलिल्ला, बरं झालं. आता ईदलाच येतो."

मला त्यांच्याकडे बघवेना. तो भाऊ, दवाखान्याच्या व्हरांड्यात फोन कानाला धरून उभा असलेला, मला स्वच्छ दिसला.

"काय सांगू त्याला?" ते म्हणाले. "तुम्ही सांगा, ताई. शब्द चुकायला नको."

एरवी माझ्या तोंडाला थारा नसतो. तेव्हा मी एकेक शब्द आधी मनात वाजवून पाहिला. मग मी म्हणाले, एवढंच म्हणा, तू कळवलं होतंस, मलाच कळलं नाही.

त्यांनी ते वाक्य ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं, पोरं पाढा घोकतात तसं. खिशातून फोन काढला. नंबर कुठे शोधावा लागला नाही, पाठ होता.

मी माझ्या बॅगा माझ्या मीच उतरवल्या आणि ट्रॉली ढकलत निघाले. काचेच्या दारापाशी थांबून मागे पाहिलं. इक्बालभाई गाडीतून बाहेर येऊन उन्हात उभे होते, फोन कानाला, डोक्याचा रुमाल हातात. ओठ हलत नव्हते. श्रीवर्धनला अजून रिंग वाजत होती.